साकवावरची जांभई

"हिला आता मामाकडेच ठेवू, कायमची. तिथं नदी नाही, साकव नाही, आणि आपल्या जिवाला घोर नाही."

फार फार जुन्या काळी, डोंगरातल्या एका गावी, एका माजघरात हे बोलणं चाललं होतं. बोलणारी सासू होती, मान हलवणारा थोरला मुलगा होता, आणि डोळे पुसणारी थोरली सून होती. धाकट्या सुनेनं ते ऐकावं असं कुणालाच वाटत नव्हतं. पण घरात नुकतीच आलेली सून म्हणजे फळीवरचं नवं भांडं. सगळं ऐकतं, वाजत नाही.

मामाकडे धाडायचं होतं ते थोरलीच्या लहानग्या लेकीला. गावाची घरं नदीच्या अलीकडे, बागा आणि गुरं पलीकडे, आणि मधे सुपारीच्या खोडांचा साकव. तो ज्याला ओलांडता येत नाही, त्याला त्या गावात ना काम, ना सोबती. आणि ही पोर साकवापाशी आली की सकाळची पेज ओकून टाकायची.

उपाय काही थोडे झाले नाहीत. दृष्ट काढली, दंडात ताईत बांधला. वैद्यबुवा आले, तेव्हा आईनं पोरीचं मनगट इतकं घट्ट धरलेलं होतं की ते म्हणाले, "बाई, हात सोडा. नाडी हिची बघायची की तुमची?" सगळे हसले. हात काही सुटला नाही.

रोज सकाळी साकवाकडे वरात निघे. आई पुढं होऊन एकेका खोडावर पाय आपटून बघे. बाप पाण्यात दगड टाकून खोली अजमावी. मग दोघं मिळून सांगत, "घाबरायचं नाही हं! अजिबात घाबरायचं नाही!" आग लागली की माणसं ओरडतात ना, अगदी त्या आवाजात.

धाकटी मागं विळा-दोरी घेऊन खोळंबलेली असे. तिला एक दिसे. पोर नदीकडे बघतच नाही. ती बघते आईच्या तोंडाकडे, आणि आईचे ओठ पांढरेफटक.

एकदा आईबाप मामाशी बोलणी करायला गेले. पोर धाकटीवर सोपवली. धाकटी पहाटेपासून दळण, पाणी, शेणगोठा करून पार पिचली होती. पलीकडे गुरं हंबरत होती.

"काकू, मी येऊ?"

"ये. नाहीतर बस इथंच. मला समजूत घालायचंसुद्धा त्राण नाही गं बाई."

ती साकवावर चढली. मधे सहज मागं वळली, आणि तिला भलीमोठी जांभई आली. पोरीनं सवयीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं भीती शोधून सापडेना. नुसती झोप होती. पोरीलाही जांभई आली. जांभई देता देता ती निम्म्या साकवावर पोचली.

तेवढ्यात आईबाप परतले. "अगं बाई, पडशील!" आईनं किंकाळी फोडली. पोर जागच्या जागी बसली आणि बांबूच्या कठड्याला बिलगली. बाप धावत साकवावर चढला, तशी खोडं हादरू लागली. धाकटीनं हात वर करून त्याला थांबवलं. मग जावेला खूण केली: खाली बसा.

आई काठावर बसली.

"आई," साकवाच्या मधूनच पोरीनं विचारलं, "तुला भीती वाटते?"

आजवर आई 'नाही' म्हणत आली होती. आज तेवढंही बळ उरलं नव्हतं. "वाटते गं. तुझ्याएवढी होते तेव्हापासून वाटते. रोज वाटते."

पोरीनं थोडा विचार केला. "मग तू बस तिथं. मी काकूबरोबर जाऊन येते."

ती गेली आणि परतही आली. आई बसल्या जागी गवत उपटत राहिली, पण ओरडली नाही.

त्यानंतर आई रोज धाकटीच्या मागोमाग साकव ओलांडू लागली, स्वतःसाठी. "भीती वाटतेय," असं मोठ्यानं म्हणायची आणि पाऊल टाकायची. पोरीच्या पोटात पेज टिकू लागली; एखादे दिवशी नाहीही टिकायची. सासू म्हणाली, "बघा, ताईताचा गुण!" धाकटी विळा घेऊन निघाली. गवत कापायचं राहिलं होतं.

पण बोलणी झालेली होती. ठरल्याप्रमाणे मामाची बैलगाडी दारात आली.

"ताईताचा काय भरवसा? उद्या उतरेल गुण," सासू म्हणाली. "जाऊ दे पोरीला."

बापानं गाठोडं गाडीत टाकलं. आईनं तोंडाला पदर लावला. पोर एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि तिचे ओठ पांढरे पडत चालले.

ती गाडी त्या दिवशी रिकामी परत गेली. धाकट्या सुनेनं कमरेवरची घागर खाली ठेवली आणि त्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, म्हणून. ती म्हणाली:

"सासूबाई, ताईत दंडात बांधल्यावरही ही ओकतच होती. बदलल्या त्या जाऊबाई. भावोजी, गाठोडं खाली काढा, आणि आपली भीती आपण घरी सांभाळू, ती पोरीबरोबर गाडीत नको घालायला. लेकरू वाट पायांनी चालतं, पण वाट भिण्याजोगी आहे की नाही, हे ते आईबापाच्या तोंडावरून ठरवतं."