निनादची पाठ

एकदा एक वृद्ध भूगोलशिक्षक आपल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन, पाठीवर सॅक अडकवून, बसने युरोप पाहायला निघाले. जन्मभर फळ्यावर ज्या नद्या खडूने काढल्या, त्यांतली एक तरी समुद्राकडे जाताना डोळ्यांनी पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पोर्तुगालमधले पोर्तो शहर अशा एका नदीच्या मुखाशी वसलेले आहे. तिथवर पोहोचायचेच, हे गुरुजींनी मनाशी पक्के केले होते.

दोघा विद्यार्थ्यांपैकी निनाद आपला साधा, रमतगमत चालणारा. प्रद्युम्न हुशार होता, पण घर सोडल्यापासून त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. गुरुजी बसमध्ये निनादशेजारी बसले की याच्या पोटात दुखे. परक्या गावात पत्ता विचारायला ते निनादला पुढे करीत, तेव्हा हा आतल्या आत जळे. निनादची सॅकसुद्धा आपल्यापेक्षा चांगली आहे, असे त्याला वाटू लागले होते. वास्तविक दोघांनी आपापल्या सॅक एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतल्या होत्या.

पोर्तोला बस पोहोचली ती सकाळी. गुरुजी उतरले आणि तिथल्याच बाकावर बसले. बसून बसून गुडघा असा सुजला होता की पाऊल टाकवेना, आणि संध्याकाळच्या बसने पुढे निघायचे होते. त्यांनी दोघांच्या सॅक आपल्याजवळ ओढून घेतल्या. मग म्हणाले, “मी सामान सांभाळतो, तुम्ही फिरून या. प्रद्युम्न, संध्याकाळी हे शहर तू मला सांगायचंस. निनादने तोंड उघडायचं नाही.”

प्रद्युम्नला आभाळ ठेंगणे झाले. पण लगेच गुरुजींनी निनादला जवळ बोलावले आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितले. निनादने मान डोलावली. झाले, प्रद्युम्नच्या आनंदावर विरजण पडले. मला नुसते काम दिले आणि गुपित मात्र त्याला सांगितले, असे त्याच्या मनाने घेतले. ते गुपित काय, याचा छडा लावायचाच, असे ठरवून तो निनादच्या मागे निघाला.

निनाद चढाच्या गल्लीत शिरला, हाही शिरला. निनाद भरभर चालू लागला, याने वेग वाढवला. निनाद मध्येच वळून मागे पाही आणि भलत्याच बोळात घुसे. मग तर प्रद्युम्नची खात्रीच पटली की हा काहीतरी लपवतो आहे. दुपारी निनाद नदीकाठच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. प्रद्युम्न चार पायऱ्या वर बसून त्याच्या पाठीवर डोळे रोखून होता.

संध्याकाळी दोघे परतले. गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, “हं, सांग.”

प्रद्युम्न त्यांच्या शेजारी बसून सांगू लागला. निनाद आधी कुठे गेला, मग कुठे वळला, कुठल्या दुकानासमोर उगाच थांबला. गुरुजींनी डोळे उघडले. “निनाद मला ठाऊक आहे रे, शाळेत होता तेव्हापासून. नदी कशी आहे ते सांग.”

नदीकाठी अर्धी दुपार काढलेल्या प्रद्युम्नला पाण्याचा रंग आठवेना. समुद्र कोणत्या अंगाला होता, तेही सांगता येईना. मग त्याचा राग उफाळून आला. “सकाळी तुम्ही याच्या कानात काय सांगितलंत, ते आधी कळू दे.”

“सांगितलं, की प्रद्युम्नच्या वाटेत येऊ नकोस, लांब राहा. तू समोर असलास की त्याला दुसरं काही दिसत नाही.”

निनाद ओशाळून म्हणाला, “मी पुष्कळ वाटा बदलल्या, गुरुजी. हा पाठ सोडेना.”

प्रद्युम्नची मान खाली गेली. गुरुजी शांतपणे म्हणाले, “मी निनादला जास्त देतो असं तुला वाटतं. आज सगळं तुलाच दिलं होतं. अख्खं शहर, अख्खा दिवस, माझे डोळेसुद्धा. ते तू याच्या पाठीवरून ओवाळून टाकलंस. दुसऱ्याच्या ताटात किती वाढलंय हे बघणाऱ्याचं स्वतःचं पान तसंच राहतं, बाळ. आणि या वयात मी काही पुन्हा इथे येणार नाही.”

प्रद्युम्नला रडू आले. बस फलाटाला लागायला अजून थोडा अवकाश होता. तो गुरुजींच्या शेजारून उठला. जी जागा मिळावी म्हणून देश सोडल्यापासून तो तळमळत होता, तिथे त्याने निनादला बसवले.

“तू सांग त्यांना,” तो म्हणाला. “नीट सांग. काही गाळू नकोस.”

निनादने गुरुजींकडे पाहिले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. निनाद सांगू लागला. उतारावरच्या घरांच्या निळ्या फरशांच्या भिंती, गॅलरीत वाळणारे कपडे, उंच लोखंडी पूल, आणि त्याखालून पश्चिमेकडे समुद्राच्या ओढीने निघालेली ती रुंद, हिरवट नदी. गुरुजींच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटले. त्यांच्या पायांशी सॅकवर बसून प्रद्युम्न ऐकत होता. अर्धी दुपार जिच्या काठी तो बसला होता, ती नदी त्याला आत्ता पहिल्यांदा दिसत होती.