लंगडं चाक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली त्या नदीनेही आता आपली वाट बदलली आहे. त्या नदीकाठच्या राज्यात एक लाकडी रथ होता. त्यावर लाखेचं गडद तांबडं रोगण होतं, आरशासारखं चकचकीत. नव्या राजाने गादीवर बसण्याआधी त्या रथासमोर उभं राहायचं. रथात स्वतःचा चेहरा दिसला, की शिंगं फुंकली जात. आणि नाही दिसला तर? तसं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

रथाची जिल्हई राखायचं काम लाखाऱ्यांच्या एका घराण्याकडे होतं. त्यांची एक रीत होती. घरातलं कुणी वारलं, की त्याच्या चितेची चिमूटभर राख लाखेत कालवायची आणि त्या लाखेचा पातळ थर रथावर चढवायचा. एका माणसाचा एक थर. म्हणून घरात कुणी ‘रथ पुसायला जातो’ असं म्हणत नसे. ‘माणसांना भेटून येतो’ असं म्हणत.

सगळ्यात वरचा थर धाकटीच्या आईचा होता.

धाकटी म्हणजे घराण्यातली वयाने सगळ्यात लहान कारागीर. हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. आई गेल्यापासून ती भर दुपारी, वारा पडला की, रथाला कान लावून उभी राहायची. आतून गुणगुण ऐकू यायची. आई काम करताना गुणगुणायची तीच चाल. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला होता. पुढे पुढे ती चाल ऐकल्याशिवाय तिला घास जाईना.

मग म्हातारा राजा वारला, आणि त्याचं सुतक फिटायच्या आत वाळूचं वादळ आलं. वादळ सरलं तेव्हा रथ आंधळा झाला होता. रोगणभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. युवराज समोर उभा राहिला, तर आत नुसता तांबूस धुरळा. अभिषेक दुसऱ्याच दिवशी मावळतीला होता.

आजवर रथ मऊ फडक्याने, हातानेच घासला जाई. आता तेवढा वेळ नव्हता. घासायचं चाक लावावं लागणार होतं.

चाकं दोन होती. एक सरळ चाक, धाकटीच्या थोरल्या काकाच्या आजोबांचं. जड, लोकरीची गादी बसवलेलं. दोघांनी दोरी ओढली की एकाच जागी गरगर फिरायचं. त्याने भाल्यांची पाती पाण्यासारखी लखलखत. दुसरं धाकटीने स्वतः केलेलं. त्याची खुंटी तिने मुद्दाम मध्यापासून बोटभर बाजूला ठोकली होती. ते फिरायचं आणि फिरता फिरता सरकायचं, एका जागी टेकायचंच नाही. घरचे त्याला लंगडं चाक म्हणत आणि पोट धरून हसत.

घराण्याचा कर्ता असलेल्या थोरल्या काकाने सकाळी सरळ चाक बाहेर काढलं.

“काका, आधी रथाच्या पोटाखाली लावून बघा,” धाकटी म्हणाली. “तिथे कुणाला दिसत नाही. काय होतंय ते कळेल.”

“माझ्या आजोबांनी कधी पोटाखाली लावून बघितलं नाही.”

“आजोबांनी पाती घासली. पात्याला कातडी नसते, काका. ह्याला आहे.”

“अगं, पावसाळे बघितलेस किती तू?”

मोठी माणसं हे का विचारतात, देव जाणे. पावसाळे मोजून कुणाला चाक कळलंय? धाकटी तिथेच रथाखाली सरपटली. आधी सरळ चाकाची गादी हाताने जराशी फिरवली. लोकर रक्तासारखी लाल झाली. मग लंगडं चाक फिरवलं. लोकरीवर नुसती गुलाबी झाक. तिने दोन्ही गाद्या काकासमोर धरल्या.

“लाल म्हणजे काम होतंय!” काका म्हणाला.

“लाल म्हणजे माणसं निघतायत!”

“तुझं ते लंगडं घेऊन बसलो, तर युवराजांची दाढी पांढरी होईल,” चुलतभाऊ म्हणाला, आणि सगळे खदखदले.

धाकटीचं डोकं फिरलं. “मग उजवी बाजू तुमची, डावी माझी! करा काय करायचं ते. संध्याकाळी बघू कोण हसतंय.”

रागात सुटलेलं वाक्य. काकाने ते लगेच उचललं. आणि धाकटीने ते मागे घेतलं नाही.

दुपारपर्यंत उजवी बाजू पेटल्यासारखी झळकू लागली. लोक जमले, वाहवा झाली. डाव्या बाजूला ताटाएवढी जागा कशीबशी उजळली होती. तेवढ्यात वारा पडला. जळक्या लाखेचा वास आला, आणि त्याखाली दुसरा एक वास. स्मशानातून परतल्यावर कपड्यांना येतो तो.

धाकटीने रथाला कान लावला. गुणगुण होती, पण मधेच अडखळत होती. पुढची चाल आठवत नसल्यासारखी.

ती धावत पलीकडे गेली. “काका, थांबा!”

“बघ तरी, कसं चमकतंय!”

तिने बघितलं. त्या झगझगीत रोगणात ती नव्हती. काका नव्हता. दोरी ओढणारे भाऊ नव्हते. एक म्हातारी होती, मोठ्या नथीची, काकासारख्याच हनुवटीची, आणि ती काकाकडे टक लावून बघत होती. काकाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

“आजी,” तो पुटपुटला.

तिथे जर त्याने हात काढला असता! पण इतक्या लोकांसमोर कर्त्या माणसाने चाक उचलायचं कसं? ती पुसली जावी म्हणून त्याने चाक आणखी दाबलं. म्हातारी गेली. तिच्याखालून एक माणूस वर आला, मग त्याच्याहून जुना एक. सगळ्यांचे ओठ हलत होते, आवाज कुणाचाच नव्हता. आणि मग चाकाखाली लाकूड लागलं. राखाडी, कोरडं. त्यात काहीच नव्हतं.

मावळतीला युवराज रीतीप्रमाणे उजव्या बाजूसमोर येऊन उभा राहिला. त्याने लाकडात पाहिलं. मग सावकाश हात उचलून स्वतःचा चेहरा चाचपला, तो जागेवर आहे ना हे बघावं तसा. समोरच्यांना तो माणूस दिसत होता, पण चेहरा लक्षात राहत नव्हता. ज्या दाईने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, तिने शेजारणीला विचारलं, “बाई, हे कोण उभे आहेत?”

त्या राज्यात युवराजाला कुणी शिवत नसे. धाकटीने त्याचं मनगट धरलं आणि ओढत डाव्या बाजूला नेलं.

“वाका, युवराज. अजून खाली. इथे बघा.”

ताटाएवढ्या उजेडात एक चेहरा हळूहळू वर आला. दमलेला, घाबरलेला, त्याचाच. दाई ओरडली, “अगं बाई, माझं लेकरू!” आणि शिंगं वाजली.

तेव्हापासून त्या राज्यात प्रत्येक राजा रथासमोर वाकू लागला. काका पुढे चाकाला शिवला नाही. तो दुपारी उजव्या बाजूशी बसायचा, लाकडावरून तळवा फिरवायचा आणि कान लावायचा. आतून काहीच यायचं नाही. भाऊ त्याला हसत. धाकटी कधी हसली नाही. ती बाजू त्याला दिली कुणी, हे तिला ठाऊक होतं.

ती अजूनही डाव्या बाजूला कान लावायची. आई गुणगुणायची, आणि निम्म्यावर चाल तुटायची. पुढची निम्मी धाकटी स्वतः गुणगुणून बघायची. दर वेळी ती थोडी वेगळी व्हायची, आणि खरी कोणती हे सांगायला आता कुणी नव्हतं.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा: हत्यार किती लवकर चकाकी देतं हे मागाहून विचारा, ते काय खाऊन चकाकी देतं, हे आधी विचारा.