सात वाव दोर

मंडळी, मेघगीर महाराज कवठेदरीला आले तेव्हा त्यांनी देऊळ पाहिलं, इनामदारांचा वाडा पाहिला, आणि मुक्काम मात्र केला गावकुसाबाहेरच्या चिंचेखाली. त्या चिंचेखाली मसाजी मातंग दोर वळत असे. अंबाडीचा वास, ओल्या सुताचा पसारा, आणि वळण्याची अखंड फिरफिर. महाराज म्हणाले, "इथं बरं वाटतं." आणि बसले ते दोन महिने बसले.

मसाजी गावाचा दोरकरी. बैलांची वेसण, कासरे, मोटेचा जाडजूड नाडा, सगळं त्याच्या हातचं. हाताला कातड्यापेक्षा घट्टेच जास्त. त्याची एक रीत होती. दोर वळून झाला की तो चिंचेच्या फांदीला टाकायचा आणि स्वतः लोंबकळायचा. पाय उचलून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत चांगला घटकाभर. दोराने त्याला पेललं तरच तो दोर गावात जायचा. बापाने शिकवलं होतं, की ज्यावर आपण लोंबकळणार नाही तो दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

गाव त्याला हसायचं. त्यात सर्वांत मोठं हसू हैबतराव इनामदारांचं. भरल्या पारावर ते विचारत, "काय मसा, फासाची तालीम झाली का आज?" की पार खदखदायचा. मसाजीही कसनुसा हसायचा. गरिबाने रागवावं तरी कुणावर!

त्या साली इनामदारांनी माळावर नवी विहीर खोदली. काळा पाषाण फोडून दहा वाव खोल गेली, तेव्हा पाणी लागलं. दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव, म्हणजे किती खोल ते बघा! अखेतीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याची पूजा ठरली. नवी विहीर झाली की मालकाने स्वतः आत उतरून पाण्यातल्या देवतांची, आसरांची, ओटी भरायची, असा तिकडचा रिवाज. पायऱ्या अजून कोरायच्या होत्या. तेव्हा नाड्याला फळी बांधून बसायचं आणि गड्यांनी सोडायचं, असं ठरलं. नाडा अर्थात मसाजीने वळायचा.

इनामदारांनी माळ्यावरून अंबाडीच्या दहा पेंढ्या पाठवल्या. मसाजीने एक सोडली आणि बोटांत चुरली. भुसा झाला. दोन पावसाळे गळक्या कौलांखाली पडलेली अंबाडी ती, आतून कुजलेली. तो तसाच उठून वाड्यावर गेला आणि अंगणात लांब उभा राहून त्याने ते सांगितलं.

हैबतराव सुपारी कातरत होते. म्हणाले, "मग ही आत घाल. वरून नवी गुंडाळ. आतलं कोण बघतंय?"

"सरकार, तसा मला वळता येत न्हाई."

"येत नाही की वळायचा नाही?"

इनामदारांचा आवाज चढला. सुंभ जळेल पण या लोकांचा पीळ जायचा नाही, असं ते जमलेल्या लोकांना ऐकवत म्हणाले. मग शेवटचं सांगितलं. चार दिवसांत नाडा आला तर ठीक. नाही आला तर गावाचं दोरकाम तेव्हापासून त्याच्याकडे नाही, आणि पोळ्याला वेशीवर जे तोरण त्याच्या घराण्याने सात पिढ्या बांधलं, तेही दुसरा कुणी बांधेल.

पोट तर जाईलच, पण तोरण! वर्षातून एकदा सारा गाव मसाजीने बांधलेल्या तोरणाखालून जात असे. बाकी वर्षभर त्याची सावली चुकवणारेही त्या दिवशी मान वर करून त्याच्या हातचं काम बघत. ते गेलं तर गावात आपलं म्हणून काय राहिलं?

घरी आल्यावर त्याने कुणाला न सांगता एक वीतभर वळून पाहिलं. आत कुजकी, वर नवी. आणि खोटं कशाला सांगू मंडळी, दोर देखणा झाला होता! मसाजी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. त्याची बायको राही चुलीपाशी होती. ती म्हणाली, "द्या की. आपन काय जीव घ्याया सांगतोय व्हय कुनाचा? त्येंनीच सांगितलंय."

"राही, ह्या दोरावर मी लोंबकळंन का?"

पिठाच्या मडक्यात हात घालून तिने तळ खरवडला, आणि त्या आवाजाने मसाजीचे डोळे भरले. पण त्याने ती वीत उलगडली, पेंढ्या डोक्यावर घेतल्या आणि वाड्याच्या दाराशी परत नेऊन ठेवल्या.

येताना तो महाराजांपुढे बसला. "म्हाराज, माझं चुकलं का?"

महाराज म्हणाले, "मसाजी, मला एक दोर वळून दे."

"अंबाडी मूठभरच हाय घरात. बारीक व्हईल."

"बारीक होऊ दे."

मसाजीने घरची होती नव्हती ती अंबाडी घेतली. दोर झाला करंगळीएवढा जाड आणि मोजून सात वाव. रीतीप्रमाणे तो त्यावर लोंबकळला. महाराजांनी तो दोर दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खांद्यावर टाकला. पुढचे दिवस ते जातील तिथे दोर खांद्यावर. लोक म्हणू लागले, बुवाला आता गुरं राखायची आहेत.

इकडे इनामदारांनी वाड्यातल्या गड्यांकडून नाडा वळवून घेतला. आत कुजकी, वर नवी, त्यावर एरंडेलाचा हात. असा झळकत होता की बघत राहावं, आणि इनामदारही त्याला भुलले!

अखेतीच्या सकाळी सारा गाव विहिरीवर लोटला. महाराजही आले. मसाजी मागे उभा होता. हैबतराव भरजरी उपरणं सावरत फळीवर बसायला निघाले, तसा तो पुढे झाला. आजवर गावात तो कधी पुढे झाला नव्हता. आज बोलला.

"सरकार, बसू नका. आधी मला लोंबकळू द्या त्याच्यावर. माझं काय झालं तर झालं."

लोक हसले. इनामदार म्हणाले, "याला फास घेतल्याशिवाय करमत नाही!" आणि बसले. चार गड्यांनी नाडा सोडला. एक वाव, दोन वाव, पाच वाव. मग कुणीतरी लाकूड मोडावं तसा आवाज आला. नाडा मधोमध तुटला, त्यातून भुशाचा लोट उडाला, आणि हैबतराव खाली पाण्यात गेले.

गड्यांनी वाकून पाहिलं. इनामदार गळ्यापर्यंत बुडालेले, पाय टेकत नव्हते, पाषाणाच्या एका टोकाला धरून होते. हात निसटत होता. दुसरा दोर आणायचा तर वाडा अर्धा कोस दूर. बायका रडू लागल्या, पुरुष नुसते धावत होते.

महाराजांनी खांद्यावरचा दोर काढून मसाजीच्या हाती दिला. "सोड."

"म्हाराज, ह्यो सातच वाव हाय. हीर धा वाव."

"वळला कुणी?"

"म्या."

"मग सोड."

मसाजीने पांडुरंगाचं नाव घेतलं आणि हात पसरून एकेक वाव तो खाली सोडू लागला. पाच. सहा. सात. आता शेवट मुठीत यायला हवा होता. त्याने पायाशी पाहिलं, तर वेटोळं अजून होतं! आठ. नऊ. ज्याने तो दोर तसूतसूने वळला होता, त्याच्याच हातातून तो संपत नव्हता. दहाव्या वावेला दोर पाण्याला टेकला.

खालून घोगरा आवाज आला. "दोर कुणाचा?"

एवढा मोठा माणूस बुडताना हेच विचारत होता. वरून महाराज म्हणाले, "मसाजीचा."

"मग ओढा."

त्यांनी काखेखालून दोर बांधून घेतला. मसाजीच्या कमरेला लोकांनी मिठी मारली, ज्यांनी त्याला कधी शिवलं नव्हतं त्यांनीसुद्धा, आणि दोन माणसांच्या वजनाचे इनामदार त्या करंगळीएवढ्या दोरावर वर आले. एक धागा तुटला नाही.

काठावर येताच ते महाराजांच्या पायांकडे झेपावले. महाराज मागे सरले. म्हणाले, "माझ्यात काय आहे? मी नुसता खांद्यावर वागवला. आधी तो दोर मोजा."

मसाजीने सगळ्यांसमोर दोर मोजला. सात वाव भरला. पुन्हा मोजला. सातच! म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली.

"वरच्या तीन कुठल्या, म्हाराज?" मसाजीने विचारलं.

"राहीने मडकं खरवडलं तरी तू ती वीत उलगडलीस ना, तिथल्या," महाराज म्हणाले. मसाजीने ही गोष्ट त्यांना कधी सांगितली नव्हती.

हैबतरावांनी ते ऐकलं. कोण राही, कसली वीत, त्यांना कळलं नसेल, पण कुजक्या पेंढ्या दाराशी परत आल्या होत्या हे त्यांना पक्कं आठवत होतं. आजवर मसाजीने दिलेला दोर ते जमिनीवर ठेवायला लावून, पाणी शिंपडून मग उचलायचे. आज ओल्या अंगाने ते त्याच्यापुढे आले आणि तो सात वावांचा दोर त्यांनी त्याच्या हातातून हातात घेतला.

"पोळ्याचं तोरण तूच बांधायचंस, मसाजी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याचं पुरतं नाव घेतलं होतं. मग सगळ्या गावादेखत वाकून त्यांनी आपलं डोकं त्या घट्टे पडलेल्या हातांवर ठेवलं.