द्वारका बैठकीत बसली

नवऱ्यानं तिचा हात मोडल्यापासून द्वारका आधारगृहात जागा मिळावी म्हणून अर्जाचा कागद घेऊन महिनाभर कचेऱ्या फिरत होती. पोलीस म्हणत, दवाखान्याचा दाखला आणा. दवाखाना म्हणे, पोलिसांचं पत्र आणा. छळ झालेल्या बायकांसाठी नेमलेले संरक्षण अधिकारी म्हणत, आधी दोन्ही आणा. घरी मार चालूच होता.

एके दिवशी प्रांतसाहेबांनी तिघांची बैठक बोलावल्याचं कळलं, तशी ती थेट आत शिरली.

प्रांतसाहेब गुरकावले, “बाई, नियमानं तिन्हीकडे फिरून या!”

द्वारका शांतपणे खुर्चीत बसली. “साहेब, तिघंही इथंच आहेत. आता कागदाला फिरू द्या. त्याला कुणी मारलेलं नाही.”

साहेबांनी मान खाली घातली. कागद टेबलाभोवती फिरला, तिन्ही सह्या झाल्या. संध्याकाळी द्वारका महिला आधारगृहात निर्धास्त जेवली.