अंड्यांवरचं जाळं

हौसाबाईच्या कोंबड्यांनी अंडी घालायची आणि सरपंच आबासाहेबांच्या लाडक्या कावळ्यांनी ती फोडून खायची, असं रोज चाललं होतं. उबवायला ठेवलेली अंडीसुद्धा वाचेनात, तेव्हा हौसाबाईने वैतागून खुराड्यापुढे जाळं बांधायला घेतलं. तेवढ्यात आबासाहेब चार माणसं घेऊन अंगणात आले.

"सोडा ते जाळं. कावळ्याच्या रूपात आमचे वाडवडील येतात. मी रोज त्यांना घास ठेवतो. त्यांचा पाय अडकला म्हणजे?"

"अन् माझी अंडी खातात त्याचं काय, आबा? पिल्लं कुठून निघायची?"

"वडीलधाऱ्यांनी खाल्लं तर एवढं काय बिघडलं?"

बरोबरची माणसं हसली. आबासाहेबांच्या घरात अंड्याचं नावही चालत नसे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. हौसाबाईने पदर खोचला.

"काही बिघडलं नाही. फक्त परवा तुमच्या वडलांचं श्राद्ध आहे, तेव्हा पानात खिरीशेजारी एक अंडंही वाढा. आवडीचं वाढल्याशिवाय कावळा शिवत नाही म्हणतात, आणि त्यांची आवड मी रोज बघतेय."

आता कुणी हसेना. जो तो आबासाहेबांकडे बघू लागला. त्यांनी घसा खाकरला.

"जाळं जरा घट्ट बांधा," ते म्हणाले. "सगळेच कावळे काही आमच्या घरचे नसतात."