शोककवीची शेपटी

“पण शेपटी कशाला, गुरुजी?”

थेरॉनचा आवाज चढला होता. दोन वर्षं राबून त्याने तीन शोकनाटकं लिहिली होती. मद्यदेव डायोनिससच्या उत्सवात ती व्हायची होती. पण अथेन्सचा रिवाज असा, की तीन नाटकांनी लोकांना रडवलं की चौथं धिंगाण्याचं हवं. त्यात देवाचे वनचर सोबती शेपट्या लावून नाचतात. चौथं नसेल तर पहिली तीनही बाद. आणि नावं द्यायची मुदत आज सूर्यास्तापर्यंतच होती.

“तुमचा शब्द अधिकारी मोडणार नाहीत. सांगा ना त्यांना, थेरॉनची तीनच घ्या म्हणून. माझ्या राजाच्या विलापानंतर माकडचेष्टा? शोभेल का?”

लायकासने चाळीस वर्षं उत्सवाचा कोरस, म्हणजे नाटकातला नाचगाण्याचा ताफा, शिकवला होता. आता म्हातारा अंगणातल्या हौदात उतरून गावच्या बायाबापड्यांबरोबर द्राक्षं तुडवत होता. कमरेला घोड्याच्या केसांची शेपटी! बासरी वाजत होती, तोटीतून रस वाहत होता.

“म्हणून दाखव तो विलाप.”

“इथे?”

“इथेच.”

थेरॉनने म्हटला. स्वतःच्या हातून मुलगा मारला गेलेला राजा त्या अंगणात उभा राहिला. एकेक पाय थांबला. बासरी थांबली. मेलिता नावाच्या म्हातारीचा मुलगा लढाईत पडला होता. ती हौदाचा काठ धरून हमसून हमसून रडू लागली. तिची आसवं खाली द्राक्षांत टपटपत होती.

आधीच नाकावर माशी बसू न देणारा थेरॉन. त्याची छाती फुगली.

“पाहिलंत, गुरुजी?”

“पाहिलं…”

रसाची धार बारीक झाली, मग थांबली. कुणी हलेना.

“आता नाचव यांना.”

“मी?”

“रडवलं कुणी?”

थेरॉनने मेलिताकडे पाहिलं. त्याला कौतुक हवं होतं, पण म्हातारी त्याच्याकडे बघतही नव्हती. तिला तिचा मुलगा दिसत होता. थेरॉनला पहिल्यांदाच आपल्या शब्दांची भीती वाटली.

लायकासने कमरेची शेपटी सोडून पुढे केली.

…थेरॉनने ती घेतली. जन्मात कधी बांधली असेल तर ना! ती एका बाजूलाच लोंबू लागली. तसाच तो पांढऱ्याशुभ्र वस्त्रानिशी हौदात उतरला, ऐटीत एक गिरकी घेतली, आणि धपकन द्राक्षांत बसला.

पहिली हसली ती मेलिता. गालांवरचं पाणी तसंच, आणि म्हातारी पोट धरून हसत होती! मग सगळेच हसले. बासरीवाल्याने सूर धरला, पाय उठले, तोटी खळखळली. थेरॉनलाही हसू आवरेना. किती वर्षांनी तो असा हसत होता, देव जाणे.

“लिहितो, गुरुजी! हा निघालोच, चौथ्याचं नाव देऊन येतो.”

शेपटीसकट तो हौदाबाहेर आला, आणि घुटमळला.

“पण माझ्या राजाचं दुःख? ते तर सगळं पुसलं गेलं…”

लायकासने तोटीखाली वाटी धरली, काठोकाठ भरली आणि त्याच्या हातात दिली.

थेरॉन प्यायला. रस गोड होता.

“आता,” लायकास म्हणाला, “यातली मेलिताची आसवं तेवढी वेगळी काढून दे.”