कारल्यावर जिलबी फुकट

“पट्टी घ्यावी की घेऊ नये? उद्याच्या भोजनापर्यंत मला उत्तर हवं!” मकरंदराजा गरजला. “आणि तोंडची बडबड नको. डोळ्यांना दिसलं पाहिजे! खजिन्यातली एक कवडी खर्चायची नाही, पट्टीला हात लावायचा नाही. जमलं नाही तर शिदोजी, परवापासून तू हत्तीखान्यात लीद उचलशील!”

शिदोजी हा मुदपाकखान्यात भाजी आणून देणारा साधा नोकर. त्याचा गुन्हा एवढाच, की तो भर दरबारात हसला होता.

बोलके आरसे बनवणाऱ्या चकोर यंत्रशाळेचा गुमास्ता त्या दिवशी दरबारात आला होता. चकोरचा आरसा म्हणजे राजाचा जीव की प्राण! महालात सात आरसे होते आणि सातही जण रोज सकाळी एकच सांगत, ‘महाराज, नवा आरसा आलाय!’ या खेपेला मात्र गुमास्त्यानं बोटभर लांबीची लखलखती पट्टी काढली.

“ही पतपट्टी, महाराज! बाजारात नुसती दाखवा, हवं ते उचला. पैसे सावकाश पौर्णिमेला. पट्टी फुकट! वर शंभर मोहरांच्या खरेदीवर तीन चकोर-मोहरा परत!”

“त्या चालतात कुठं?” प्रधान गंगाधरपंतांनी विचारलं.

“आमच्या दुकानात! तुम्हाला आणखी कुठं जायचंय, पंत?”

फुकट म्हटल्यावर दरबार खूश झाला. दाराशी टोपली घेऊन उभा असलेला शिदोजी तेवढा खुदकन हसला.

“कोणाला हसलास रे?” राजाच्या भुवया चढल्या.

“स्वतःला, महाराज! मी बाजारात जातो कोथिंबिरीची जुडी आणायला. मालन भाजीवाली म्हणते, दुधी घे, कोथिंबीर फुकट! मी तीन दुधी घेऊन घरी येतो. माझी बायको विचारायची, ‘आज कोथिंबिरीवर काय फुकट मिळालं?’”

दरबार हसला. राजा नाही हसला. “म्हणजे मी तुझ्याइतका मूर्ख?”

“छे छे! माझ्याइतकं व्हायला जन्मभर बाजार करावा लागतो, महाराज!”

या उत्तराचं बक्षीस म्हणजे ती राजाज्ञा!

संध्याकाळी शिदोजी घरी आला. फळीवर तीन दुधी होते. बायको देवाघरी गेल्यावर तो प्रश्न विचारणारं घरात कोणी उरलं नव्हतं. दुधी मात्र येतच होते. त्यानं एक चिरला, भाजी केली, जेवढी जाईल तेवढी खाल्ली. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलंच राहिलं. त्या पातेल्याकडे बघत तो बराच वेळ बसला, आणि एकाएकी त्याला हसू फुटलं. ‘शिदोजी, शहाणपण सांगणं तुझं काम नव्हे. पण माणसाला मूर्ख कसं बनवतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?’

दुसऱ्या दिवशी भोजनाला राजा, पंत आणि गुमास्ता पाटांवर बसले. वाढायला शिदोजी!

“महाराज, आज पंगतीत नवी पद्धत! कारल्याच्या भाजीची एक वाटी संपवली, की जिलबीचा एक तुकडा फुकट!”

राजाला कारल्याचा लहानपणापासून तिटकारा. पण जिलबी केशरी, कुरकुरीत, पाकानं थबथबलेली! त्यानं नाक मुरडलं, डोळे मिटले आणि वाटी संपवली. तुकडा मिळाला. दुसरी वाटी. तुकडा! पाचव्या वाटीला राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं सहावीसाठी हात पुढे केलाच.

पंतांना कारलं मनापासून आवडे. ते नेहमीसारखं खात होते आणि सोबत तुकडेही. गुमास्त्यानं मात्र निवांत वरण-भात कालवला होता.

“बास!” राजानं ढेकर दिला. तो कडू होता. “आता उत्तर दाखव!”

“ते तुमच्या पोटात गेलं, महाराज! वाट्या तेवढ्या समोर आहेत. तुम्हाला कारलं आवडतं?”

“शी!”

“मग एवढं कशासाठी खाल्लंत?”

“जिलबीसाठी!”

“जिलबी कोणाची? मुदपाकखाना कोणाचा?”

राजाचा हात हवेतच थांबला. “...माझाच की रे!”

“तुम्ही नुसतं ‘आण’ म्हणाला असतात, तर परात समोर आली असती!”

गुमास्ता घाईनं म्हणाला, “यात पट्टीचा काय दोष? पंतांना मिळालेच ना तुकडे?”

“अगदी बरोबर! पंत रोज कारलं खातातच. लागतं तेवढंच घेणाऱ्या त्यांच्यासारख्यांनी पट्टी खुशाल घ्यावी, येईल तो तुकडा नफ्याचा. पण गुमास्तेसाहेब, तुम्ही एकही वाटी नाही घेतलीत. जिलबी आवडत नाही का?”

“फार आवडते! पण एवढ्याशा तुकड्यासाठी कारलं कोण...” गुमास्त्यानं जीभ चावली.

राजानं एकदा गुमास्त्याच्या वरण-भाताकडे, एकदा आपल्या रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं. मग राजा असा हसत सुटला, की पाटावरून कलंडला. “पंत, पट्टी तुम्ही घ्या! मी सहाव्या वाटीला हात पुढे केलेला माणूस, मला ती नको! शिदोजी, तुला शंभर मोहरा!”

“कुठल्या, महाराज? चकोरच्या?”

“रोख रे, रोख!” राजानं डोळे पुसले. “आणि काय रे, आज कोथिंबिरीवर काय फुकट मिळालं?”

शिदोजी थबकला. किती दिवसांनी कोणी तरी विचारलं होतं!

“दोन पडवळं, महाराज.”

राजाला पुन्हा हसण्याची उबळ आली. त्या दिवशी जिलबीची अख्खी परात शिदोजीच्या घरी गेली, तीही एक घास कारलं न खाता!